फलाटाला मत नसतं

लातुरात आमच्या गल्लीला नळाचं पाणी आठ दिवसांतून एकदा यायचं, आणि ते आलं की गल्लीच्या ग्रुपवर संदेश पडायचा : ‘लक्ष द्या. नळाचे पाणी गल्लीच्या पूर्व बाजूस लागलेले आहे. पश्चिम बाजूचे पाणी अर्धा तास उशिराने येईल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ नव्या भाडेकरूंना वाटायचं, कोणीतरी चेष्टा करतंय. पण लिहिणाऱ्या माणसानं जन्मात कोणाची चेष्टा केली नव्हती. कौतुकही केलं नव्हतं. ते फक्त कळवायचे.

तीस वर्षं त्यांनी अहमदपूरच्या बसस्थानकात माइकपुढं बसून गाड्या पुकारल्या होत्या. उदगीर, निलंगा, उमरी, नांदेड. निवृत्त होऊन लातुरात घर बांधलं तरी सगळे त्यांना कंट्रोलर साहेबच म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा. खरं नाव विजेच्या बिलावर असायचं, आणि आमच्याकडं दुसऱ्याचं बिल वाचायची पद्धत नाही. म्हणजे वाचतात, पण आकडा वाचतात.

माणूस काडीसारखा. बोलायच्या आधी मान जराशी पुढं काढायचे, डावीकडं कलायचे आणि समोर जे असेल त्यावर बोटानं दोन टिचक्या मारायचे. खुर्चीचा हात असो, चहाचा पेला असो. माइक चालू आहे का बघायची ती सवय. एकदा लग्नात आहेर देताना त्यांनी नवरदेवाच्या खांद्यावर दोन टिचक्या मारल्या आणि मगच ‘शुभेच्छा’ म्हणाले.

मत म्हणून काही द्यायचं नाही, हा त्यांचा नेम होता. वहिनी बिचाऱ्या दोन साड्या समोर धरायच्या, कुठली नेसू विचारायच्या. हे बघायचे आणि म्हणायचे, “दोन आहेत.” मी चहा पाजला आणि कसा झालाय विचारलं तर म्हणायचे, “गरम आहे.” फार खोदून विचारलं की एकच वाक्य : “फलाटाला मत नसतं, आक्का. त्याच्यावर कुठली बी गाडी लागते.”

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट ते मोठ्या समाधानानं सांगायचे. एक पोरगा आणि एक पोरगी खिडकीपाशी आले, घाबरलेले, नांदेडची गाडी कुठं लागते म्हणून विचारलं. ह्यांनी सांगितलं, फलाट तीन. दहा मिनिटांनी पोरीचा मामा काठी घेऊन आला आणि ती दोघं कुठं गेली विचारलं. ह्यांनी त्यालाही सांगितलं : नांदेडच्या गाडीत बसली, गाडी आत्ताच सुटली, पुढची चाळीस मिनिटांनी. मी विचारलं, मग काय झालं? तर म्हणाले, “पुढची गाडी वेळेवर सुटली.”

ही गोष्ट ऐकून मी तेव्हा काय केलं असेल? टाळी दिली. म्हटलं, वा, याला म्हणतात न्याय. तेव्हा मी लहान होते, सहासष्ट वर्षांची. आता सत्तरी ओलांडल्यावर कळतं, की आपण त्या पोरीचं पुढं काय झालं हे विचारलंच नाही.

साहेबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. पाणी येतं कधी आणि जातं कधी, आता कोणी कळवत नाही.

ग्रुप त्यांनीच काढला होता. नियम तीन. कोणीही काहीही लिहावं. कोणाचं काही काढलं जाणार नाही. चालवणाऱ्याला मत नाही. याचा परिणाम काय झाला, ते आमच्या गल्लीत राहिलेल्यालाच ठाऊक. एक निवृत्त हेडमास्तर रोज एक कविता टाकायचे. दोन सख्खे भाऊ गटारीच्या उतारावरून एकमेकांना अशा शिव्या लिहायचे, की त्या वाचून मलाच चार नव्या कळल्या. आणि ते भांडण पेटलं की साहेब खाली लिहायचे, ‘दोन्ही संदेश पोचले.’ एका जावयानं सासऱ्याबद्दल लिहिलं, सासऱ्यानं जावयाबद्दल. गल्लीनं दोन दिवस दूध उतू जाऊ दिलं, पण मोबाईल खाली ठेवला नाही. कोणी म्हणालं, साहेब, काढा हो हे. साहेब म्हणायचे, तीस वर्षं माझ्या टेबलाला तक्रारवही बांधलेली होती, त्यात लोकांनी माझ्या मायबापाचाही उद्धार केला, मी एक पान फाडलं नाही.

आणि मी? मी त्या ग्रुपची सगळ्यात आदर्श सदस्य होते. कारण मी प्रत्येक संदेशाला अंगठा द्यायचे.

त्याचं कारण असं. बत्तीस वर्षं मी सरकारी कचेरीत कारकून होते. साहेबांचं परिपत्रक निघालं की शिपाई ते टेबलाटेबलावरून फिरवायचा. ते वाचायचं नसायचं. कोपऱ्यात छोटी सही ठोकायची. सहीचा अर्थ एवढाच, की कागद माझ्या टेबलावरून पुढं गेला. मोबाईल हातात आल्यावर मला वाटलं, अंगठा म्हणजे तीच सोय. सकाळी उठलं, सगळ्या संदेशांना अंगठे दिले, दिवस मोकळा. गल्लीतल्या एका सासूबाईंच्या निधनालासुद्धा मी अंगठा दिला होता. माझी नात कपाळ बडवून म्हणाली, आजी, अंगठा म्हणजे ‘छान झालं’ असं असतं. मी म्हटलं, तुमच्यात असेल. त्या सासूबाईंची सून मात्र रागावली नाही. उलट त्या दिवसापासून मी तिला जरा जवळची वाटायला लागले.

आमची गल्ली जगते ती शिकवण्यांच्या पोरांवर. जून उजाडला की उमरीपासून, देगलूरपासून, निलंग्यापासून आईबाप पोरं घेऊन येतात, डॉक्टर करायला. घराघरात खोल्या भाड्यानं. माझ्याही माडीवर निलंग्याच्या तीन मुली होत्या. खोली ठरली की आईचा पुढचा प्रश्न असतो, जेवायचं कुठं? आणि तो ती घरमालकाला विचारते. जूनमध्ये जेवढे डबे लागले, तेवढ्यावर मेसवाल्याचं वर्ष निघतं.

गल्लीत मेस एकच. शेवटच्या घरात, पत्र्याच्या शेडखाली, सुनंदाबाईंची. बाई उदगीरकडच्या. नवरा नांदेडच्या एका शाळेत शिपाई, रविवारी यायचा आणि दिवसभर कांदे चिरून परत जायचा. ज्वारीची भाकरी, आमटी, ठेचा आणि एक भाजी. पन्नासेक पोरं जेवायची. ताटात टाकलेलं दिसलं तर बाई पोराचं नाव घेऊन ओरडायच्या, म्हणून पोरं खूश होती.

त्या जूनमध्ये ग्रुपवर एक संदेश आला. लिहिणारे आमच्या कोपऱ्यावरचे दुमजलीवाले. आठ खोल्या, आठही भाड्यानं. अत्यंत नम्र माणूस. शिवी लिहिणार नाही, आणि प्रत्येक वाक्याखाली हात जोडलेले. त्यांनी लिहिलं होतं :

‘पालकांच्या माहितीसाठी. मुलांची मेस लावताना ती कोण चालवतं, आडनाव काय, माणसं मूळ कुठल्या वस्तीतली, याची चौकशी करूनच निर्णय घ्यावा. कोणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही. फक्त माहिती.’

सुनंदाबाई बौद्ध होत्या. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि चार वर्षं सगळ्यांचे भाडेकरू तिथं जेवत होते. कोणी बोललेलं नव्हतं, एवढंच. आता फक्त माहिती दिली गेली.

मी पहाटे उठले, पडल्या पडल्या मोबाईल घेतला आणि अंगठा दिला. चष्मा न लावता. पहिला अंगठा माझा. माझ्यामागं एक आला, मग चार, दहा वाजेपर्यंत एकोणीस. काहींनी आक्कांचा बघून दिला, म्हणजे काहीतरी चांगलंच असेल म्हणून. काहींनी ‘आक्कासुद्धा आपल्यातल्याच निघाल्या’ म्हणून जास्त आनंदानं दिला.

अकरा वाजता मी चष्मा लावून तो संदेश वाचला. आता हे सांगायला हवं, की मी स्वतःला लई पुढारलेली बाई समजायचे. कचेरीत मी सगळ्यांच्या डब्यातली भाजी खायची, आणि खाल्ली हे चारचौघात सांगायची. ज्याच्या डब्यातली खाल्ली त्याच्यासमोरसुद्धा सांगायची. अशा बाईनं तो संदेश वाचून काय केलं? काही नाही. दिलेला अंगठा मागं कसा घ्यायचा ते आपल्याला येत नाही, असं स्वतःला सांगितलं. नातीला विचारलं असतं तर तिनं चुटकीसरशी दाखवलं असतं. म्हणून नातीला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी निलंग्याहून एका मुलीच्या आईचा फोन आला. असं असं कानावर आलंय, तुम्ही काय म्हणता आक्का? मी साहेबांची शिष्या. म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा बाई, मी कसं सांगू. संध्याकाळी माझ्या माडीवरचे तीन डबे बंद झाले. तसेच सगळ्या माड्यांवरचे झाले. आठवडा व्हायच्या आत सुनंदाबाईंच्या शेडमध्ये पन्नासाची अकरा पोरं राहिली.

सहाव्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या ओसरीवर पेपर वाचत बसले होते. सुनंदाबाई आल्या आणि पायरीवर उभ्या राहिल्या. वहिनींनी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. त्या स्वतः ग्रुपवर होत्या. तो संदेश त्यांनीही वाचला होता आणि अंगठे कोणाकोणाचे, हेही.

“साहेब, ते काढा,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी नियम सांगितला. त्यात शिवी नाही, खोटं नाही. आज तुमच्यासाठी काढलं तर उद्या दुसऱ्यासाठी काढावं लागेल. तुम्हालाही ग्रुप मोकळा आहे, तुम्ही उत्तर लिहा. तीस वर्षं, तक्रारवही, एक पान नाही फाडलं. आणि शेवटी ते फलाटाचं वाक्य.

“मी काय उत्तर लिहू? माझं आडनाव लिहू?”

साहेब पुन्हा नियमावर आले.

“बरं, न्हाई काढायचं तर राहू द्या. वाचून दाखवा.”

“काय?”

“तेच. तुम्ही जिंदगीभर माइकवर जे आलं ते वाचलं म्हणता. हे बी वाचा. मी हितंच उभी हाय.”

साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. हे नियमात बसत होतं. त्यांनी मोबाईल घेतला, मान पुढं काढली, डावीकडं कलले, खुर्चीच्या हातावर दोन टिचक्या मारल्या. “लक्ष द्या,” ते म्हणाले, आणि तो आवाज असा निघाला की समोरून जाणारी दोन पोरं पिशव्या उचलून थांबली. “पालकांच्या माहितीसाठी. मुलांची मेस लावताना ती कोण चालवतं...”

त्यांनी वर पाहिलं. सुनंदाबाई त्यांच्याकडंच बघत होत्या.

पुकार मध्येच तुटली तर पहिल्यापासून करायची असते. त्यांनी पहिल्यापासून केली. “लक्ष द्या. पालकांच्या माहितीसाठी. मुलांची मेस लावताना ती कोण चालवतं, आडनाव काय...” पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा नुसतं “लक्ष द्या” झालं. पुढं काही निघेना. पुकार का थांबली म्हणून वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“चष्मा आणू का साहेब?” सुनंदाबाईंनी विचारलं.

“न्हाई. दिसतंय,” साहेब म्हणाले. मोबाईल त्यांनी मांडीवर पालथा ठेवला.

मग बाई माझ्याकडं वळल्या. “आक्का, पहिला अंगठा तुमचा.”

मी घाईघाईनं सगळी कचेरी सांगितली. परिपत्रक, शिपाई, कोपऱ्यातली सही. अंगठा म्हणजे मी फक्त पाहिलं, बाकी काही नाही हो.

“पाहिलं ना? मग पाहून काय केलं?”

एवढं बोलून त्या गेल्या. भाकऱ्यांसाठी तवा तापत ठेवला होता म्हणे.

तो संदेश काढायला साहेबांना पाऊण तास लागला. कारण काढायचं बटण कुठं असतं, हे त्यांनी कधी शिकूनच घेतलं नव्हतं. शेवटी माझ्या नातीला फोन लावला. तिनं एका मिनिटात साहेबांना शिकवलं आणि पुढच्या मिनिटात, न विचारता, मला माझा अंगठा कसा मागं घेता आला असता तेही सांगितलं. मग साहेबांनी लिहिलं :

‘लक्ष द्या. मेसबद्दलचा संदेश मी काढला आहे. तो मला तोंडाने वाचता आला नाही. जे त्या माणसासमोर वाचता येत नाही, ते यापुढे इथे राहणार नाही. हे कळायला सहा दिवस लागले. चूक माझी आहे.’

दुमजलीवाल्यांनी लगेच लिहिलं, मग आमच्या बोलण्याच्या हक्काचं काय? नियम तुमचाच होता. खाली हात जोडलेले. साहेबांनी उत्तर दिलं, ‘हक्क आहे. त्यांच्या दारात जाऊन त्यांच्या तोंडावर बोला. मी सोबत येतो.’ ते काही गेले नाहीत. त्याऐवजी ग्रुप सोडून गेले, आणि जाताना चौदा जणांना घेऊन गेले. त्यांचा नवा ग्रुप निघाला, तिथं म्हणे संपूर्ण मोकळीक. चार दिवसांत तिथं बकऱ्यांवरून भांडण झालं आणि पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं ते त्या चौदा घरांना कळलंच नाही.

पुढच्या पाण्याला साहेब भल्या सकाळी कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले आणि तोंडानं पुकारलं. पूर्व बाजू, पश्चिम बाजू, सगळं. मी म्हटलं, अहो, कशाला त्यांना सांगता, बसू द्या कोरडे. तर म्हणाले, “पाणी सगळ्यांचं हाय आक्का.” दुमजलीवाले खाली मान घालून ड्रम भरत होते. महिन्याभरात चौदातले नऊ जण गुपचूप परत आले.

पण डबे आले नाहीत. ग्रुप स्वच्छ झाला आणि शेड रिकामीच. संदेश काढता येतो. आईच्या कानात गेलेलं काढायचं बटण साहेबांना माझी नातसुद्धा दाखवू शकत नव्हती. जून संपत आला होता. सुनंदाबाई ग्रुपमधून निघून गेल्या. साहेबांनी तीनदा बोलावलं, त्या परत आल्या नाहीत.

मग एके दिवशी दुपारी बारा वाजता साहेब इस्त्रीचा सदरा घालून मेसमध्ये जेवायला निघाले. मी मागून गेले. अकरा पोरं बसली होती. सुनंदाबाईंनी आमच्यापुढं ताटं ठेवली, वाढलं, आणि साहेबांसमोर उभ्या राहून विचारलं, “कसं झालंय?”

साहेब विचार करायला लागले. घास चावून संपला तरी विचार चालूच. अकरा पोरं बघताहेत. मी कोपरानं ढोसलं, की बाबा रे, छान म्हण, आजचा दिवस तरी छान म्हण. साहेबांनी ताटाच्या काठावर दोन टिचक्या मारल्या.

“आमटी खारट हाय,” ते म्हणाले.

मला वाटलं, संपलं. आयुष्यात पहिलं मत दिलं आणि ते हे. सुनंदाबाईंनी तळहातावर चार थेंब घेऊन चाखले.

“हाय की,” त्या म्हणाल्या. “मीठ दोनदा पडलं. पंधरा दिवस ध्यान ठिकाणावर न्हाई.” आणि पोरांकडं वळून म्हणाल्या, “तुम्ही का रे बोलला न्हाई?” पोरं खाली बघायला लागली. बाईला वाईट वाटू नये म्हणून ती दोन दिवस तसलीच आमटी मुकाट्यानं पीत होती. ते कळल्यावर बाई जे हसायला लागल्या, ते पदरात तोंड खुपसून हसल्या.

दुपारी ग्रुपवर आलं : ‘लक्ष द्या. आज मेसमध्ये जेवलो. आमटी खारट होती. भाकरी व ठेचा उत्तम. उद्या बारा वाजता पुन्हा जात आहे.’ वहिनी मोबाईल घेऊन माझ्याकडं पळत आल्या. ‘उत्तम’ या शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, हे त्यांनीच लिहिलंय का बघा, लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली.

तो संदेश कसा कोण जाणे निलंग्यापर्यंत गेला. मुलीच्या आईचा पुन्हा फोन. म्हणाली, खारट लिहिलंय म्हणजे बाकीचं खरं असणार. या खेपेला मी तिला ठरवायला सांगितलं नाही. म्हटलं, मी रोज तिथं जेवते. पोरींना तिथंच पाठवा. मागच्या वेळी मी गप्प बसले ती चूक होती. ती म्हणाली, मग तेव्हाच का न्हाई सांगितलं आक्का? माडीवरचे तीन डबे परत लागले. मग मी गल्लीतल्या सगळ्या घरमालकिणींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचा सपाटा लावला. काहींनी चहा दिला, काहींनी नुसतं पाणी. दिवाळीपर्यंत शेडमध्ये चौतीस पोरं झाली. पन्नास काही त्या वर्षी झाली नाहीत.

मी रोज जात राहिले. सुनंदाबाई मला सगळ्यांसारखं वाढायच्या, गरम भाकरी टाकायच्या. साहेबांना विचारायच्या, कसं झालंय. पोरांना एकेकाला विचारायच्या. माझ्यापाशी आल्या की पातेलं घेऊन पुढं जायच्या. पहिला आठवडा मला वाटलं, विसरल्या असतील. चौथ्या आठवड्यात कळलं, की माझं मत त्यांना नको आहे.

एके दिवशी त्या अशाच पुढं निघाल्या आणि मी पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सुनंदाबाई, भाजी झकास झालीय. आणि तेव्हा मी चुकले.”

सगळे जेवायचे थांबले. बाई वळल्या, माझ्या ताटाकडं पाहिलं. भाजीला मी अजून हातही लावला नव्हता.

“आधी खा तरी आक्का,” त्या म्हणाल्या.

मी घास घेतला. त्या पातेलं कमरेवर टेकून तिथंच उभ्या राहिल्या, मी गिळेपर्यंत.

“हं. कसं झालंय?”

“लई तिखट,” मी म्हणाले.